कासवीची दृष्टी आणि गावाची नजर

(कोकणातील एका वसंत व्याख्यानमालेत 'लोकसहभागातून निसर्गरक्षण' या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या पुष्पासाठी संयोजकांनी मला दिलेला विषय इतका विस्तीर्ण आहे की, त्यावर दीड तास बोलूनही काहीच सांगितले नाही असे व्हावे. म्हणून मी एकच प्राणी घेतला आहे आणि प्रामुख्याने एकच गाव. प्राणी म्हणजे समुद्री कासव आणि गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास. बाणकोटच्या खाडीच्या अलीकडचे, नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून आपण ते ओळखतो. ओघात दोन बेटांवरही जाऊन येऊ. परंतु मुक्काम वेळासलाच.

कासव आपल्याला परके नाही. देवळात पाऊल टाकले की सभामंडपाच्या फरशीत कोरलेले कासव आपल्याला भेटते, आणि त्याला नमस्कार केल्यावाचून आपण पुढे जात नाही. समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर पेलणारा कूर्म हा दशावतारांतला दुसरा अवतार. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलमजवळ श्रीकूर्मम् येथे तर विष्णूची कूर्मरूपात पूजा होते. गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना दृष्टान्त घेतला तो कासवाचाच. येथे सहज एक गोष्ट सांगून ठेवतो. गीतेतले आपले अवयव आत ओढून घेणारे कासव हे नदी-तळ्यांतले किंवा जमिनीवरचे होय. समुद्री कासवाला आपले डोके आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याचे पाय हे पाय नव्हेतच, ती वल्ही आहेत. पाण्यात तो पक्ष्यासारखा तरंगतो. वाळूवर आला की इतका असहाय प्राणी दुसरा नाही.

आणि आपल्या संतांनी कासवीचा जो दृष्टान्त दिला, तो तर मराठी मनात खोल रुजलेला आहे. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, भरवत नाही. ती दूर राहून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. भगवंताची भक्तावर तशीच कृपादृष्टी असते. दृष्टान्त अतिशय सुंदर आहे. प्राणिशास्त्र मात्र वेगळेच सांगते. समुद्री कासवाची मादी रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर येते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. ती मागे वळून पाहत नाही. आपली पिले तिला कधी दिसत नाहीत आणि पिलांना आई दिसत नाही.

मग त्या अंड्यांवर दृष्टी कोणाची? पंचेचाळीस ते साठ दिवस ती वाळूत उघड्यावर पडलेली असतात. त्या दिवसांत कोल्हा आहे, गावातले कुत्रे आहेत, घोरपड आहे, खेकडे आहेत. आणि माणूस आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे कासव मुख्यत्वे एकाच जातीचे, ऑलिव्ह रिडले. अडीच फुटांच्या आत-बाहेर लांबी, चाळीस-पन्नास किलोपर्यंत वजन, पाठीचा रंग शेवाळी करडा. साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या किनाऱ्यावर येतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत आल्यावर मादी जागा निवडते. मागच्या दोन वल्ह्यांनी, न पाहता, ती दीड फूट खोल खड्डा खणते. तोंड अरुंद आणि तळ फुगीर, आपल्या मातीच्या मडक्यासारखा. एक वल्हे वाळू बाहेर काढते तेव्हा दुसरे स्थिर राहते. मग दुसऱ्याची पाळी. ज्यांनी हे पाहिले आहे ते सांगतात की, एखाद्या जाणत्या कुंभाराचे हात पाहावेत तसे ते काम असते. मग शंभर-सव्वाशे अंडी, पांढरी, चेंडूएवढी, मऊ कवचाची. ती घातल्यावर वाळू लोटून ती सगळे शरीर डावी-उजवीकडे आपटत जागा दाबून घट्ट करते, वर वाळू उधळून खूण पुसते आणि परत फिरते. तासाभराचे काम. मागे उरतो तो तिच्या येण्याजाण्याचा माग.

हा मागच तिचा घात करीत असे. पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्याला तो माग दिसला की, काठी खुपसून पाहायचे. जिथे काठी भसकन आत जाईल तिथे अंडी. कोकणातील अनेक गावांत ही अंडी काढून खाण्याची आणि विकण्याची रीत होती. मी कोणा एका जातीचे किंवा एका वस्तीचे नाव घेणार नाही. घेणे न्यायाचेही होणार नाही. परंतु एवढे मात्र स्पष्टपणे बोलले पाहिजे की, ज्या गावाच्या देवळात कूर्माला नमस्कार होत होता, त्याच गावाच्या किनाऱ्यावर कूर्माची अंडी टोपलीत भरली जात होती, आणि या दोहोंत कोणाला विसंगती जाणवत नव्हती. आपली संस्कृती निसर्गपूजक आहे हे वाक्य आपण व्यासपीठांवरून पुष्कळदा उच्चारतो. मीही उच्चारले आहे. ते खरेही आहे. पण पूजा ही गाभाऱ्याच्या उंबरठ्यापाशी थांबली तर किनाऱ्यावरच्या कासवाला तिचा काडीचाही उपयोग नाही. पश्चिमेच्या भोगवादावर टीका करण्यापूर्वी आपल्या गावच्या पुळणीवर एक फेरी मारून यावी, असे मला फार वाटते.

कायद्याचे म्हणाल तर तो होताच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवांचा समावेश होता. वाघाला जे संरक्षण, तेच कासवाला. पण सातशे-साडेसातशे किलोमीटरच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रात्री दोन वाजता कोणत्या वनरक्षकाने उभे राहावे? कायदा कपाटात होता आणि अंडी बाजारात.

चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडाचा अभ्यास करीत होते. २००२ साली त्याच भटकंतीत वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. गेले होते आकाशातला पक्षी शोधायला, आणि सापडले वाळूतले घरटे. विचारपूस केली तेव्हा कळले की, कासवे दरवर्षी येतात आणि अंडी दरवर्षी जातात. येथून या कामाचा आरंभ झाला.

त्यांनी केले काय, हे जरा तपशिलाने सांगतो, कारण कार्यकर्त्याच्या दृष्टीने सगळे मर्म त्या तपशिलात आहे. त्यांनी पोलिसांत तक्रारी केल्या नाहीत. ज्यांना माग ओळखता येतो, घरटे नेमके कुठे आहे हे ज्यांच्या काठीला कळते, त्यांनाच त्यांनी विश्वासात घेतले. कालपर्यंत जो अंडी काढायला पहाटे उठत होता, त्याने आता राखायला पहाटे उठायचे. ज्ञान तेच, पाय तेच, वाट तीच. फक्त हेतू बदलायचा. पुस्तकी पदवीधराला जे दोन हंगामांत साधले नसते, ते या माणसाला पहिल्याच दिवशी साधत होते. अशा माणसांना पुढे 'कासवमित्र' असे नाव मिळाले आणि आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते रूढ झाले आहे.

घरटे सापडले की अंडी काही तासांच्या आत हलवावी लागतात. उशीर झाला आणि आत गर्भ धरू लागला, की मग अंडे नुसते उलटले तरी आतला जीव मरतो. म्हणून ती आहेत त्याच स्थितीत, अलगद उचलून, किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या आवारात आणायची. याला हॅचरी म्हणतात. तिथे मादीने खणला होता तेवढाच खोल, त्याच मडक्याच्या आकाराचा खड्डा करायचा, त्यात अंडी ठेवायची, वाळूने झाकायची आणि वर तारखेची व अंड्यांच्या संख्येची पाटी लावायची. दिवस भरत आले की त्या जागेवर बांबूची टोपली पालथी घालायची. एके सकाळी टोपली उचलावी तर खाली इवलीशी, काळीभोर पिले एकमेकांच्या पाठीवर चढत बसलेली. ती हातात घेऊन समुद्रात सोडायची नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवायची आणि चालू द्यायची. ते आठ-दहा मीटरचे चालणे हा त्यांचा पहिला संस्कार आहे, असे शास्त्रज्ञ मानतात; त्या किनाऱ्याची ओळख त्यांच्यात कुठेतरी नोंदली जाते आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने ती मादी दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला आपल्या जन्मकिनाऱ्याच्या टापूत परत येते. हजार पिलांमागे एखादेच एवढे जगते, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

म्हणजे ती माहेरी येते! आमच्या कोकणातल्या आयाबायांना हे वाक्य सांगितले की पुढे काही समजावावे लागत नाही. पहिलटकरीण माहेरी आली आणि माहेरच्यांनीच तिचे लेकरू विकले, याची कल्पना कोणाला सहन होईल? शब्दांत केवढे सामर्थ्य असते, याचे गुजरातेतही एक उदाहरण आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढ्या शार्कची, व्हेल शार्कची, मोठी शिकार होत असे. २००१ साली तिच्यावर कायद्याने बंदी आली. पण मच्छीमारांचे मन वळले ते मोरारी बापूंच्या आवाहनानंतर. २००४ साली त्यांनी या माशाला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे नाव दिले आणि ती बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे असे मच्छीमारांना सांगितले. नंतर जाळ्यात सापडलेली व्हाली सोडून देण्यासाठी मच्छीमार आपले किमती जाळे स्वतः कापू लागले. दंडाच्या भीतीने कोणी स्वतःचे जाळे कापत नाही.

परंतु नुसती भावना पुरत नाही, हेही तितकेच खरे. भावनेला पोटाची जोड लागते. वेळाससारख्या गावातला तरुण मुंबईला जातो. गावात उरतात म्हातारे, बायका आणि शाळकरी मुले. त्यांनी कासवांसाठी रात्री जागवायच्या आणि हाती काय तर समाधान! असे काम चार वर्षे चालते, पाचव्या वर्षी थांबते. म्हणून २००६ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' आणि ग्रामस्थ यांनी मिळून कासव महोत्सव सुरू केला. पिले समुद्रात जाताना पाहायला या आणि गावातच, गावकऱ्यांच्या घरी राहा. हॉटेल नाही, वातानुकूलन नाही. ओटीवर किंवा माजघरात अंथरूण, पंगतीला डाळभात, सोलकढी, कोकमाची आमटी, आणि आधी सांगितलेत तर उकडीचे मोदक. पुण्या-मुंबईची माणसे कासवासाठी आली आणि गृहिणींच्या हाती, आपल्याच चुलीवर, चार पैसे आले. जे कासव कालपर्यंत पन्नास-शंभर रुपयांच्या अंड्यांपुरते होते, ते आता जिवंत राहिले तर घर चालवू लागले. ज्या घरात पाहुणे उतरतात, त्या घरातला माणूस दुसऱ्याला घरट्याला हात लावू देत नाही. याहून पक्की पहारा-व्यवस्था सरकारी खर्चाने उभारता आली नसती.

यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते गावातल्या मुलांचे रूप. पाहुण्यांना दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश मारू नका, पिलाला हात लावू नका, असे सांगणारी सहावी-सातवीतली मुले तिथे भेटतात. मोठ्या मोटारीतून आलेल्या एखाद्या साहेबालाही ती दोरीमागे जायला सांगतात आणि साहेब जातात. आमच्या शहरी पाहुण्यांविषयी अधिक बोलत नाही. पिलू तळहातावर घेऊन छायाचित्र काढून घ्यायची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांच्यासाठी ती दोरी आहे.

आता कार्यकर्त्यांसाठी या कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग सांगतो. संस्थेने हे काम कायम आपल्या मुठीत धरून ठेवले नाही. २०१२ साली महाराष्ट्र शासनाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. पुढे हळूहळू वन विभाग, ग्रामपंचायत आणि स्थानिक कासवमित्र यांच्याकडे वेळासची जबाबदारी गेली. वेळासचे पाहून आंजर्ले, कोळथरे, गुहागर, आणि खाली सिंधुदुर्गापर्यंत हे काम पसरले. २०२३-२४च्या हंगामात महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक घरट्यांची नोंद झाली. उभे केलेले काम समाजाच्या हाती देऊन बाजूला होणे ही फार अवघड गोष्ट आहे. संस्था काढणारे पुष्कळ असतात. ती अनावश्यक व्हावी म्हणून झटणारे थोडे. समाजाचे काम समाजानेच करावे, संघटनेने त्याला फक्त जाग आणावी, हे आपण बैठकांतून ऐकत आलो. त्याचे चालते-बोलते उदाहरण पाहायचे असेल तर वेळासला जावे.

२०२० साली या व्यवस्थेची कसोटी लागली. ऐन महोत्सवाच्या दिवसांत, मार्चमध्ये, टाळेबंदी आली आणि पाहुणे थांबले. त्यातून सावरायच्या आत ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या टापूत धडकले. मंडणगड-दापोलीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला आठ-दहा वर्षे लागतात. ज्याची बाग गेली, छप्पर गेले आणि पाहुणेही येत नाहीत, त्या माणसाला पुढच्या हिवाळ्यात वाळूवर माग दिसतो, तेव्हा त्याने काय करावे? हा प्रश्न पुस्तकातला नाही. कासवे त्या हिवाळ्यातही आली, आणि काम त्या हंगामातही चालले. याचे श्रेय पर्यटनाच्या पैशाला देता येणार नाही, कारण तो त्या वेळी नव्हताच. अठरा वर्षांत किनाऱ्यावर जी सवय मुरली होती, तिने ते तारून नेले, असे मी मानतो.

आता त्या दोन बेटांकडे वळू. पहिले ओडिशाचे. भितरकणिकाजवळ गहिरमाथ्याच्या सागरी अभयारण्यात व्हीलर बेट आहे. २०१५ साली त्याला डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव देण्यात आले. 'अग्नी'सारखी क्षेपणास्त्रे जिथून झेपावतात ते हेच. आणि त्याच्या शेजारच्या वाळूच्या छोट्या बेटांवर ऑलिव्ह रिडले माद्या शेकड्यांनी नव्हे, लाखांनी एकाच वेळी येतात. आपल्याकडे कासव एकटेदुकटे येते. तिथे वाळू दिसेनाशी होते. प्रखर दिव्यांनी मादी आणि पिले दोन्ही बिथरतात. पिलू अंधारात उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, चालते. मागे दिवा असला तर ते समुद्राकडे पाठ फिरवून दिव्याकडे चालू लागते आणि सकाळी उन्हाने मरते. म्हणून त्या संरक्षणतळावर या दिवसांत दिवे मंद ठेवले जातात, आणि २०२४च्या जानेवारी ते मार्च या काळात तिथे क्षेपणास्त्र-चाचण्या न घेण्याचा निर्णय झाला. देशाच्या संरक्षणाचे काम करणारे कासवासाठी दिवे मंद करू शकतात, तर आपल्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांना ते का जमू नये?

दुसरे बेट लक्षद्वीपातले, अगत्ती. तिथली गोष्ट उलटी आहे आणि म्हणूनच ती अवश्य सांगितली पाहिजे. तिथे हिरवे कासव. पूर्वी त्याचे तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावत. संरक्षण मिळाल्यावर शिकार थांबली आणि अगत्तीच्या उथळ खाजणात हिरव्या कासवांची गर्दी झाली. हे कासव समुद्रातले गवत खाऊन जगते. त्यांनी ते गवत खाऊन खाऊन खुरटवले. त्या गवताच्या आडोशाने वाढणारी मासळी घटली आणि मच्छीमार कासवावर चिडले. पुढे कासवेच तिथले चरणे संपवून दुसऱ्या बेटांकडे वळली. शास्त्र सांगते की, त्यांचे नैसर्गिक शत्रू, मोठे शार्क, माणसाने कमी केले, म्हणून हा तोल गेला. ते बरोबर असेल. पण ज्याच्या ताटातली मासळी गेली, त्याच्याशी आधी बोलायला हवे. संरक्षणाचा लाभ कासवाला आणि भार मात्र गरीब मच्छीमाराला, अशी वाटणी झाली की लोकसहभाग हा शब्द कागदावरच राहतो. दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांचा एकत्र विचार करायला सांगितले. तो विचार अगत्तीच्या खाजणात उतरवणे हे आपल्यापुढचे काम आहे.

हे आपल्या मच्छीमारांनाही लागू पडते. किनाऱ्यावरची अंडी वाचली तरी मोठी कासवे मरतात ती समुद्रात, जाळ्यांत. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात तासन्तास अडकले की ते बुडून मरते. त्यावर उपाय आहे. जाळ्यात एक जाळीदार झडप बसवली की कोळंबी आत राहते आणि कासव बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी ती तयार केली. ती झडप आपण नीट वापरली नाही. परिणामी २०१९ साली अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. स्वदेशी संस्थेने केलेला उपाय धूळ खात पडावा आणि परक्या देशाने आपल्याला धडा शिकवावा, याचे वाईट वाटते. महाराष्ट्राने मात्र २०१८च्या अखेरीस एक चांगली योजना आणली. जाळे कापून कासव किंवा अन्य संरक्षित जीव सोडून देणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपल्या ओळखीच्या खलाशांना ही योजना माहीत आहे का, एवढे जरी आपण प्रत्येकाने विचारले, तरी मोठे काम होईल.

आणि हे कासव तरी कोणाचे? २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्याला क्रमांकाची पट्टी लावली होती, ती मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असावीत, असा अभ्यासकांचा समज होता. त्याला या एका मादीने धक्का दिला. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहयंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' दक्षिणेकडे निघाली, ती थेट श्रीलंकेपर्यंत गेली. आपण नकाशावर राज्यांच्या सीमा रंगवतो; तिला बंगालचा उपसागर आणि सिंधुसागर ही एकाच घराची दोन अंगणे आहेत. ओडिशाच्या कोणा मच्छीमाराने जे कासव जाळ्यातून सोडले, त्याची अंडी आपल्या गुहागरच्या कासवमित्राने राखली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही.

पुढच्या काळाविषयी मला जी काळजी वाटते ती लपवणार नाही. कासवाच्या पिलाचे नर-मादीपण गर्भात ठरत नाही, वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण एकोणतीस अंशांच्या आसपास दोन्ही होतात. वाळू त्याहून तापली की माद्याच होत जातात, आणि फारच तापली की अंडी मरतात. उन्हाळे वाढत आहेत. आज किनाऱ्यावर आपण जी पिले टाळ्या वाजवून सोडतो, त्यांत नर किती, या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षांनी कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल. त्यासाठी हॅचरीवर सावली धरणे, वाळूचे तापमान नोंदणे अशी कामे आहेत. ती चिकाटीची आहेत, उत्सवाची नव्हेत. दुसरी काळजी दगडी बंधाऱ्यांची. समुद्र वाळू खातो म्हणून आपण भिंत बांधतो. मादी रात्री येते, भिंतीला डोके टेकते आणि परत जाते. गावाची घरे वाचली पाहिजेत, यात वाद नाही. पण जिथे घर नाही, बाग नाही, तिथेही केवळ निधी आला आहे म्हणून बंधारा होत असेल, तर ग्रामसभेत उठून विचारणारा एक तरी असावा. तिसरी काळजी यशाचीच. माणसे वाढली की घरगुती निवासाची जागा बाहेरच्याचे रिसॉर्ट घेते, पैसा गावाबाहेर जातो, दिवे वाढतात, आणि कासवाला राखण्यात गावाचा जो वाटा होता, तो संपतो.

आता थोडेसे व्यवहाराचे बोलून थांबतो. आपल्यापैकी अनेकांची गावे समुद्रकाठी आहेत. हिवाळ्यात पहाटे किनाऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला, तर खणू नका, पाण्याच्या बाटल्या ठेवून खुणा करू नका. गावच्या कासवमित्राला नाहीतर वन विभागाला लगेच कळवा. समुद्राकडे तोंड करून लावलेला आपल्या घराचा दिवा त्या तीन-चार महिन्यांत मालवा किंवा खाली वळवा. मुलांना घेऊन वेळासला जायचे तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जा, आधी फोन करून जा, गावातल्याच घरी उतरा. सकाळी सातच्या आणि सायंकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उचलून पाहतात. पिले निघतीलच असे नाही. आपण दोनशे किलोमीटरवरून आलो आहोत, तेव्हा जरा वाळू उकरून दाखवा, असा हट्ट धरणारे पाहुणे असतात. आपण तो धरू नये. टोपलीखाली काही नसेल तर घरी परत या, जेवा, आणि त्या घरच्या माउलीला विचारा की, पहिल्या वर्षी पाहुण्यांना काय वाढले होते. ती सांगेल.